ठोकळ्यांच्या खेळातून पायथन: फंक्शनला हाक मारायला शिकताना पडणारे प्रश्न

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत शनिवार-रविवारी सहावी ते दहावीच्या मुलांना पायथन ही संगणकाला हुकूम द्यायची भाषा शिकवते, आणि ती माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळातून शिकवते. मुलांना सोडायला येणारे पालक दारात जे विचारतात आणि मुलं मशीनसमोर बसून जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. एक सूचना आधीच देते. संगणकावर इंग्रजीत टाइप करायची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. उदाहरणार्थ, ठोकळा ठेवायचा ‘सेटब्लॉक’ हा हुकूम टाइप करताना सगळी अक्षरं लहान, फक्त ‘ब्लॉक’चं पहिलं अक्षर मोठं. पायथनला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो आणि तो चालवून घेत नाही.

हा खेळ आहे की शिकवणी?

दोन्ही. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांचं जग. दगड, माती, लाकूड, काच, पाणी, सगळं एकेका घनाच्या मापात. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी २००९ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. आपल्या कामाची गोष्ट मधल्या काळात घडली. २०१३ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकासाठी खेळाची एक फुकट आवृत्ती निघाली आणि तिच्यात बाहेरून पायथननं हुकूम देण्याची सोय होती. तुम्ही पायथनमध्ये एक ओळ लिहायची आणि खेळातल्या जगात ठोकळा उभा राहायचा.

आपल्या मुलांना यातलं निम्मं आधीच येतं. दिवाळीत अंगणात विटा, पोती आणि माती घेऊन पन्हाळा उभा करणारी, बुरुजावर अळीव पेरणारी ही मुलं आहेत. किल्ला कुठून सुरू करायचा, दरवाजा कुठे सोडायचा, तटबंदी किती उंच घ्यायची याचा विचार त्यांच्या डोक्यात असतोच. इथे तोच विचार आकड्यांत सांगायचा असतो.

फंक्शन म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

माझे वडील शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचं काम करायचे, त्यामुळे मला फंक्शन तिथूनच समजलं आणि मी ते तसंच शिकवते. फौंड्रीत एखादा भाग ओतायचा असेल तर आधी लाकडाचा पॅटर्न बनवतात. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात लोखंडाचा रस ओततात. पॅटर्न बनवायला डोकं आणि वेळ लागतो, पण तो एकदाच. नंतर त्यावरून शंभर नग काढा, पॅटर्नमेकरला पुन्हा बोलवावं लागत नाही.

फंक्शन तसंच. कोणीतरी एकदा विचार करून लिहून ठेवलेलं काम. आपण फक्त नाव घ्यायचं.

पण ही तुलना एका जागी तोकडी पडते, आणि तीच जागा महत्त्वाची. लाकडाच्या पॅटर्नमधून एकाच मापाचा नग निघतो. फंक्शनला मात्र दर वेळी नवं माप सांगता येतं. म्हणजे ते वर्कशॉपला फोन करून ऑर्डर देण्यासारखं आहे: कुठला नग, किती इंची, कुठल्या धातूचा. फोन लावणं म्हणजे फंक्शन कॉल करणं, आणि फोनवर सांगितलेली मापं म्हणजे कंसात लिहिलेली मूल्यं. त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. मापं न सांगता फोन ठेवला, किंवा लांबीच्या जागी रुंदी सांगितली, तर काय माल येतो हे उद्यमनगरातल्या कुणालाही विचारा.

आधी फंक्शन लिहायला का शिकवत नाही?

बहुतेक ठिकाणी तसंच शिकवतात: पहिल्याच आठवड्यात ‘डेफ’ (नवं फंक्शन सुरू करणारा शब्द) लिहा, खाली चार जागा सोडा, दोन संख्यांची बेरीज करा. मूल ते पाठ करतं. पण बेरीज तर त्याला तशीही येत होती, मग एवढा खटाटोप कशासाठी, हे त्याला कळत नाही.

मी पहिला महिनाभर एकही फंक्शन लिहायला देत नाही. दुसऱ्यानं लिहिलेली फंक्शन बोलवायची, नीट बोलवायची, बोलावल्यावर काय झालं ते बघायचं. नाव, कंस, कंसातल्या गोष्टींचा क्रम आणि परत मिळालेलं उत्तर, या चार गोष्टी हाताला बसल्या की स्वतःचं फंक्शन लिहिणं मुलं जवळपास आपणहून मागतात. तोवर त्यांना गिऱ्हाईक असण्याचा अनुभव आलेला असतो, म्हणून कारागीर झाल्यावर आपल्या गिऱ्हाइकाला काय सांगावं लागेल हे त्यांना सुचतं.

मशीनवर पहिल्या दिवशी मुलं नक्की काय करतात?

खेळाशी जोडणी करणाऱ्या दोन ओळी मी देते. त्यातून ‘एमसी’ या नावानं खेळाचं जग हातात येतं. पहिला कॉल असतो:

एमसी.पोस्टटूचॅट("काय विषय?")

खेळाच्या पडद्यावर संदेश उमटतो. काही मशीनवर देवनागरी नीट दिसत नाही, तिथे इंग्रजी लिपीत लिहितो. मग दुसरा:

जागा = एमसी.प्लेअर.गेटटाइलपॉस()

म्हणजे ‘मी कुठे उभा आहे?’ कंस रिकामे, कारण सांगण्यासारखं काही नाही, पण कंस हवेतच. उत्तरात तीन आकडे येतात: एक्स, वाय, झेड. आणि तिसरा:

एमसी.सेटब्लॉक(जागा.एक्स + १, जागा.वाय, जागा.झेड, १)

शेवटचा १ म्हणजे दगड. पूर्वेला अगदी शेजारच्या घरात दगडाचा ठोकळा येतो. ‘+ १’ राहिलं तर ठोकळा थेट पायातच येतो. दर बॅचमध्ये कुणीतरी ते करतंच आणि मग सगळे मुद्दाम करून बघतात. मी थांबवत नाही. आपण उभे आहोत ती जागाही एक आकडाच आहे, हे त्या एका धडपडीत जितकं पटतं तितकं फळ्यावर समजावून पटत नाही.

माझ्या मुलानं सगळं बरोबर लिहिलं, चूकही दाखवत नाही, पण काहीच होत नाही. का?

दहापैकी आठ वेळा कंस राहिलेला असतो. सातवीतली एक मुलगी अशीच बसली होती. ओळ परत परत चालवत होती आणि शेवटी म्हणाली, “ताई, कायबी झालं न्हाई.” तिनं नुसतं एमसी.प्लेअर.गेटटाइलपॉस लिहिलं होतं.

नाव लिहिलं म्हणजे हाक मारली असं होत नाही. कंसाशिवाय नाव म्हणजे भिंतीवर लिहिलेला फोन नंबर. नंबर बरोबर आहे, पण फोन कुणी लावलाच नाही. पायथनच्या दृष्टीनं ती चूकही नाही. फंक्शनचं नुसतं नाव घेण्याची मुभा आहे, म्हणून तो गप्प राहतो.

त्या मुलीनं पुढची ओळ लिहिली तेव्हा कुठे पायथन बोलला. ‘जागा’मध्ये तीन आकडे नव्हते, खुद्द फंक्शनच येऊन बसलं होतं. त्यामुळे जागा.एक्स मागितल्यावर ‘ॲट्रिब्यूट एरर’ आला: या मेथडकडे, म्हणजे फंक्शनकडे, एक्स नावाचं काही नाही. चूक पहिल्या ओळीत, तक्रार दुसऱ्या ओळीवर. हे एकदा डोळ्यांसमोर घडलं की मूल पुढे आयुष्यभर तक्रारीच्या वरची ओळही तपासतं. आम्ही त्या दिवशी पुढचं काहीच घेतलं नाही. अर्धा तास सगळ्यांनी कंस काढून आणि घालून पाहिले.

पण काही उदाहरणांत फंक्शनच्या नावापुढे कंस नसतात. ते कसं चालतं?

शाळांसाठीच्या माइनक्राफ्ट एज्युकेशनमध्ये असं दिसतं. तिथे चॅटमध्ये एखादा शब्द टाइप केला की आपलं फंक्शन चालावं, अशी सोय करता येते:

प्लेअर.ऑन_चॅट("घाट", घाट_बांध)

इथे ‘घाट_बांध’ला आपण आत्ता बोलवत नाही. त्याचा नंबर खेळाकडे देऊन ठेवतो, की शब्द आला की तू फोन लाव. कंस लावले तर फंक्शन तिथल्या तिथे चालून मोकळं होईल आणि खेळाच्या हातात काहीच राहणार नाही. आधीच्या प्रश्नातली चूक आणि इथली गरज, दोन्ही एकाच नियमातून येतात.

भिंत उभी करायला सांगितली, आडवी फरशी झाली. काय चुकलं?

क्रम चुकला. आपल्या भूमितीच्या पुस्तकात एक्स आडवा आणि वाय उभा, ते कागदावर. माइनक्राफ्टमध्येही वाय म्हणजे उंचीच, पण ती मधे बसली आहे. एक्स पूर्वेकडे वाढतो, झेड दक्षिणेकडे. मुलांना वाटतं उंची शेवटी सांगायची असणार, कारण आपण बोलताना ‘लांबी, रुंदी, उंची’ असंच म्हणतो.

सेटब्लॉक्स हे फंक्शन दोन कोपरे घेतं आणि मधलं सगळं भरून काढतं:

एमसी.सेटब्लॉक्स(०, ०, ०, १०, ४, ०, १)

ही भिंत. ४ आणि शेवटचं ० यांची अदलाबदल केली की हीच भिंत जमिनीवर झोपते. पायथनला दोन्ही सारखेच आकडे. कंसात पहिल्या जागेवर जे येईल ते पहिल्या नावाला, दुसऱ्यावरचं दुसऱ्याला. त्याला आपलं मन वाचता येत नाही.

आणि ही भिंत किती लांब आहे? मुलं म्हणतात दहा. मोजायला लावलं की अकरा भरतात, कारण ० पासून १० पर्यंत दोन्ही टोकं धरली जातात. दहा फुटांच्या कुंपणाला फुटाफुटावर खांब रोवले तर अकराच लागतात, हे शेतातल्या घरची मुलं लगेच ओळखतात. शहरातली मुलं ठोकळ्यांवरून चालत जाऊन मोजतात. उंचीचंही तसंच, ४ सांगितले तर पाच थर येतात.

सगळी आर्ग्युमेंट द्यावीच लागतात का?

प्रत्येक वेळी नाही. माझं आवडतं उदाहरण लोकरीच्या ठोकळ्याचं आहे. लोकरीचा क्रमांक ३५. त्यापुढे ० ते १५ पैकी एक आकडा दिला तर तो रंग ठरवतो. १४ दिला की तांबडा. काहीच दिलं नाही तर ० धरला जातो, म्हणजे पांढरा. तांबडा सांगून मागवावा लागतो, पांढरा न सांगता येतो. कोल्हापुरात हा धडा दुसऱ्यांदा समजवावा लागत नाही.

काही फंक्शन उत्तर देतात, काही देत नाहीत. फरक कसा ओळखायचा?

सेटब्लॉक हा पोस्टात टाकलेल्या पत्रासारखा आहे. पायथन हुकूम पाठवतो आणि पुढच्या ओळीवर जातो, उत्तराची वाट बघत नाही. गेटब्लॉक मात्र विचारून थांबतो: या जागी काय आहे? खेळाकडून आकडा येतो, हवा असेल तर ०, दगड असेल तर १, आणि मगच पुढची ओळ चालते.

आलेलं उत्तर कुठेतरी ठेवावं लागतं. एमसी.गेटहाइट(२०, ३०) म्हटलं की त्या जागी जमीन किती उंचीवर आहे ते कळतं. ते ‘उंची’ नावात ठेवलं नाही तर उत्तर आलं आणि हवेत गेलं. पंचगंगेच्या घाटावरच्या दीपमाळा आम्ही खेळात बांधतो तेव्हा हे लागतंच, कारण खेळातली जमीन खाली-वर असते. उंची न विचारता बांधलेल्या दीपमाळांपैकी दोन अधांतरी लटकतात आणि एक कमरेपर्यंत मातीत जाते.

‘प्रिंट’ आणि ‘रिटर्न’ यांतला गोंधळही इथेच सुटतो. प्रिंट म्हणजे आकडा मोठ्यानं वाचून दाखवणं. रिटर्न म्हणजे तो लिहून तुमच्या हातात देणं. वाचून दाखवलेल्या आकड्यावर दीपमाळ उभी राहत नाही.

मराठीत कोड लिहिता येतो का?

येतो, आणि हे ऐकून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात. डेफ, फॉर, रिटर्न हे भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीतच टाइप करावे लागतात. सेटब्लॉकसारखी तयार नावंही तशीच. पण आपण जन्माला घातलेल्या फंक्शनचं नाव आपलं:

डेफ भिंत(लांबी, उंची):

मग भिंत(१०) असं अर्धवट बोलावलं तर पायथन टाइप एरर देतो आणि त्यात चक्क ‘उंची’ हा शब्द छापतो, की एवढं एक आर्ग्युमेंट द्यायचं राहिलं. चूक सांगणाऱ्या संदेशाला घाबरणारी मुलं हा संदेश वाचतात, कारण त्यात त्यांचाच शब्द असतो. नाव घेऊनही बोलवता येतं: भिंत(उंची=४, लांबी=१०). असं केलं की क्रमाची चिंता उरत नाही.

दोन खाचखळगे सांगते. एक, कोडमध्ये आकडे इंग्रजीच टाइप करायचे. इथे वाचायला सोपं म्हणून मी देवनागरी छापले आहेत, पण पायथन तसे घेत नाही. गंमत अशी की अवतरणचिन्हांतले "१२" इंट या फंक्शनला दिले, तर ते त्यातून बरोबर बारा काढून देतं. दोन, ‘पायऱ्या’. या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत मधे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह येऊन बसतं, आणि नावात ते पायथनला अजिबात चालत नाही. पडद्यावर दोन्ही ‘पायऱ्या’ सारख्याच दिसतात, म्हणून माझी एकदा एक अख्खी दुपार गेली. ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आधी टाइप करून त्याला हलन्त जोडला की अडचण येत नाही.

मग स्वतःचं फंक्शन कधी?

एकच काम तिसऱ्यांदा कॉपी-पेस्ट करायला लागलं की. पंचगंगेचा घाट बांधताना मुलं पहिली पायरी एका सेटब्लॉक्सनं टाकतात, दुसरी ओळ कॉपी करून आकडे बदलतात, तिसरीला कंटाळतात, चौथीला एक आकडा बदलायचा विसरतात आणि पायरी भलतीकडे जाते. त्या क्षणी मी ‘डेफ’ फळ्यावर लिहिते.

घाट(पायऱ्या=१२, रुंदी=८)

एवढ्या एका ओळीत घाट उभा राहिला की खोलीत आरडाओरडा होतो. मग लगेच कुणीतरी पायऱ्या=१०० करतं आणि घाट ढगात जातो. न्यू पॅलेसवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. १८८४ मध्ये पूर्ण झालेली ती काळ्या दगडाची इमारत, मधोमध अष्टकोनी घड्याळाचा मनोरा. खिडकी, कमान, मनोरा यांची तीन वेगळी फंक्शन लिहायची आणि चौथं ‘पॅलेस’ नावाचं फंक्शन या तिघांना बोलावतं. फंक्शनच्या आतून फंक्शनला हाक मारणं मुलं इथे शिकतात, आणि बहुतेकांना आपण वेगळं काही शिकलो असं वाटतही नाही.

कुठली आवृत्ती घ्यायची? खर्च किती?

रास्पबेरी पाय घरी असेल तर त्याची आवृत्ती फुकट. जग लहान आहे, शिकायला पुरेसं. साध्या संगणकावर जावा आवृत्ती विकत घ्यावी लागते आणि पायथनशी बोलायला रास्पबेरीज्यूस नावाचं जोडसाधन सर्व्हरवर टाकावं लागतं. माइनक्राफ्ट एज्युकेशनमध्ये पायथन आतच आहे, पण लायसन्स लागतं. पैसे घालायचे नसतील तर लुआंटी पाहा. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. पूर्ण मुक्त आणि फुकट. त्याची स्वतःची भाषा लुआ आहे, पायथनसाठी वेगळा मॉड, म्हणजे जोडसाधन, जोडावा लागतो. खेळ विकत घेण्याआधी मुलाला महिनाभर फुकटच्या मार्गानं करू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइलवर चालेल?

नाही. खेळ चालतो, पण कोड लिहायला कीबोर्ड हवा. जुना लॅपटॉप पुरतो.

मुलाचं इंग्रजी कच्चं आहे.

लागतात ते पंचवीस-तीस शब्द. ते वहीत लिहून घेतो. माझ्याकडे मराठी माध्यमाची मुलं जास्त आहेत आणि अडतात ती स्पेलिंगला, समजुतीला नाही.

संगणक बंद पडला, काही बिघडलं का?

बहुतेक वेळा कुणीतरी सेटब्लॉक्सला तिन्ही बाजूंना ० ते १०० भरायला सांगितलेलं असतं. ते दहा लाखांहून जास्त ठोकळे होतात. मशीन हँग होतं, बिघडत नाही. बंद करून चालू करा. मग मुलाला हा गुणाकार कागदावर करायला लावा, तोही त्याच्याकडूनच.

खेळाची सवय लागेल, त्याचं काय?

ही काळजी खरी आहे आणि मी ती झटकून टाकत नाही. क्लासमध्ये आम्ही इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांबरोबर खेळत नाही. जग आमच्याच मशीनवर असतं. घरासाठी माझा नियम असा: आधी कागदावर काय बांधायचं ते काढायचं, मग कोड, आणि तो चालल्यावर ते फिरून बघायचं. कोड न लिहिता नुसतं हातानं खेळायचं असेल तर तो वेगळा वेळ धरा आणि तो तुम्ही ठरवा. मूल तासभर गप्प बसून एकच ओळ तपासत असेल तर मात्र उठवू नका. त्या वेळी ते खेळत नसतं.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर. लॅपटॉप दुसऱ्या आठवड्यापासून. पहिल्या दिवशी मुलं घरचं दार किंवा भिंतीतला कोनाडा वहीत चौकटीचौकटीनं काढतात आणि प्रत्येक कोपऱ्याशी तीन आकडे लिहितात, उंची मधे.